सांख्यिकीय परिकल्पना-परीक्षण : उपयुक्तता आणि मर्यादा

निरीक्षणांतून मिळालेली आकडेवारी एखाद्या विशिष्ट विधानाशी सुसंगत आहे की नाही, हे संभाव्यतेच्या गणिताने तपासण्याच्या पद्धतीस ‘परिकल्पना-परीक्षण’ असे म्हणतात. ज्या विधानाची कसोटी घ्यावयाची त्यास ‘शून्य परिकल्पना’ ही संज्ञा आहे. दोन खतांच्या परिणामांत फरक नाही, नवे औषध जुन्याहून वेगळे नाही, नाणेफेकीचे नाणे निर्दोष आहे, असे हे विधान बहुधा नकारार्थी असते. ते खरे मानल्यास, प्रत्यक्षात मिळाला तितका किंवा त्याहूनही अधिक विसंगत निष्कर्ष केवळ यदृच्छेने मिळण्याची संभाव्यता किती, हे काढले जाते. या संभाव्यतेस ‘पी-मूल्य’ म्हणतात. ते ठराविक मर्यादेहून (बहुधा ०·०५ हून) लहान असल्यास निष्कर्ष ‘सार्थ’ समजून शून्य परिकल्पना त्याज्य ठरवितात. शेतकी, वैद्यक, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, कारखान्यांतील गुणवत्ता नियंत्रण अशा अनेक क्षेत्रांत ही पद्धत विसाव्या शतकात रूढ झाली. तथापि आज पाठ्यपुस्तकांतून एकच पद्धत म्हणून शिकविली जाणारी ही रीत वस्तुतः दोन परस्परविरोधी विचारसरणींच्या मिश्रणातून तयार झालेली आहे. तिच्याविषयीचे बहुतेक गैरसमज या मिश्रणापाशी येऊन पोहोचतात.

पूर्वेतिहास : या प्रकारचा पहिला ज्ञात युक्तिवाद इंग्लंडच्या ॲन राणीचे वैद्य जॉन आर्बथनॉट यांनी १७१० मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मांडला. लंडनमधील बाप्तिस्म्यांच्या नोंदींत १६२९ ते १७१० या ८२ वर्षांत प्रत्येक वर्षी मुलींपेक्षा मुलांची संख्या अधिक आढळली होती. मुलगा किंवा मुलगी होणे ही नाणेफेकीसारखी समसमान शक्यतेची गोष्ट असती, तर सलग ८२ वर्षे मुलगेच अधिक असण्याची संभाव्यता दोनाच्या ८२ व्या घाताने एकास भागून येणाऱ्या संख्येइतकी, म्हणजे छेदस्थानी पंचवीस अंकी संख्या असलेल्या अपूर्णांकाइतकी, राहिली असती. अर्थात समसमान शक्यतेची कल्पना टिकत नाही. येथवर आर्बथनॉट यांचे गणित निर्दोष आहे. पुढे मात्र त्यांनी असा निष्कर्ष काढला, की ज्याअर्थी हे यदृच्छेने झालेले नाही, त्याअर्थी ते ईश्वरी योजनेने झाले आहे. पुरुष अधिक संख्येने दगावतात म्हणून त्यांची भरपाई आधीच केलेली आहे. निकोलस बेर्नुली या स्विस गणितज्ञांनी लवकरच दाखवून दिले, की ३५ बाजूंचा फासा घेऊन त्याच्या १८ बाजू मुलाच्या व १७ मुलीच्या मानल्या, तर लंडनची आकडेवारी यदृच्छेनेच उत्तम रीतीने समजावता येते. शून्य परिकल्पना मोडली म्हणजे संशोधकाच्या मनातील पर्यायी परिकल्पना सिद्ध झाली असे नव्हे, ही या पद्धतीची कदाचित सर्वांत मोठी मर्यादा तिच्या पहिल्याच उदाहरणात अशी प्रगट झालेली आहे.

अठराव्या शतकात डॅन्येल बेर्नुली यांनी ग्रहकक्षांच्या प्रतलांची जवळीक आणि लाप्लास यांनी जननप्रमाण व धूमकेतूंच्या कक्षा यांबाबत असेच युक्तिवाद वापरले. परंतु सर्वसाधारण उपयोगाची पहिली कसोटी कार्ल पिअर्सन (१८५७–१९३६) यांनी १९०० मध्ये सिद्ध केली. ती ‘काय-वर्ग परीक्षा’ होय. अपेक्षित व निरीक्षित वारंवारतांमधील तफावतींचे वर्ग घेऊन त्यांस अपेक्षित वारंवारतांनी भागावयाचे, येणाऱ्या भागाकारांची बेरीज करावयाची आणि तेवढी मोठी बेरीज यदृच्छेने किती वेळा येईल हे कोष्टकावरून पाहावयाचे, अशी तिची रीत आहे. वेल्डन या प्राणिवैज्ञानिकांनी बारा फासे २६,३०६ वेळा टाकून जमविलेल्या आकडेवारीवर पिअर्सन यांनी ती प्रथम लावून दाखविली. फासे निर्दोष नव्हते. पाच व सहा ही दाने किंचित अधिक पडत होती.

पिअर्सन यांच्या पद्धतींना मोठे नमुने लागत. डब्लिन येथील गिनेस मद्यनिर्मितिशाळेत काम करणारे विल्यम सीली गॉसेट (१८७६–१९३७) यांना बार्लीच्या मोजक्याच चाचण्यांवरून निर्णय घ्यावे लागत. अगदी थोड्या निरीक्षणांच्या सरासरीवर किती भिस्त ठेवावी, या व्यावहारिक अडचणीतून त्यांचा १९०८ मधील निबंध निर्माण झाला. मालकांच्या नियमामुळे तो ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाला; म्हणून आजही ती कसोटी ‘स्टुडंटची टी-परीक्षा’ याच नावाने ओळखली जाते.

फिशर व रॉथॅमस्टेड : रॉनल्ड एल्मर फिशर (१८९०–१९६२) हे १९१९ मध्ये इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील कृषी प्रयोग केंद्रात रुजू झाले. तेथे १८४३ पासूनच्या खतप्रयोगांच्या नोंदी साठलेल्या होत्या. पण वेगवेगळ्या तुकड्यांना मिळालेले वेगवेगळे उत्पन्न हे खतामुळे, जमिनीच्या मूळ कसामुळे की पावसामुळे, हे त्या नोंदींवरून निश्चित सांगता येत नसे. फिशर यांचे उत्तर मूलगामी होते : आकडेवारी हाती आल्यावर तिच्यावर गणित करण्यापेक्षा प्रयोगाची आखणीच अशी करावी, की गणिताला अर्थ प्राप्त होईल. शेताचे खंड पाडावेत, प्रत्येक खंडात प्रत्येक खत वापरावे आणि कोणत्या वाफ्यास कोणते खत हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. असे यदृच्छीकरण केले, की जमिनीचा कस कोणत्याही एका खताची बाजू घेऊ शकत नाही. मग उरलेला फरक खताचा तरी असेल किंवा चिठ्ठ्यांच्या योगायोगाचा तरी. आणि चिठ्ठ्यांचा योगायोग किती, हे अचूक मोजता येते. म्हणजे परीक्षणाची विश्वसनीयता सूत्रापेक्षा चिठ्ठ्यांमधून येते. पुढे ज्यांनी फिशर यांची सूत्रे उचलली, त्यांतील अनेकांनी चिठ्ठ्या मात्र मागेच ठेवल्या.

१९३५ च्या आपल्या प्रयोग-आखणीवरील ग्रंथात फिशर यांनी हाच विचार चहाच्या सुप्रसिद्ध दृष्टांताने मांडला. कपात आधी दूध ओतले होते की आधी चहा, हे चवीवरून ओळखता येते असे एका बाईंचे म्हणणे होते. त्यांच्यापुढे आठ कप ठेवावयाचे, चारांत आधी दूध, चारांत आधी चहा, क्रम यदृच्छ. आठांतून चार कप निवडण्याचे ७० प्रकार आहेत व त्यांपैकी एकच पूर्णपणे बरोबर आहे. म्हणून काहीही न कळता सर्व कप अचूक ओळखले जाण्याची संभाव्यता १/७०, म्हणजे सुमारे १·४ टक्के आहे. एक चूक झाली, म्हणजे चारांपैकी तीनच बरोबर निवडले, तर मात्र तितके किंवा त्याहून चांगले यश अंदाजाने मिळण्याची संभाव्यता १७/७०, म्हणजे सुमारे २४ टक्के होते व प्रयोगाने काहीच सिद्ध होत नाही. केवळ आठ कपांचा हा प्रयोग एक चूकही सहन करू शकत नाही. बाईंना दहापैकी आठ वेळा ओळखता येत असेल, तर ते त्यातून बहुधा कळणारच नाही. प्रयोगाची ही दुबळी बाजू फिशर यांना दिसत होती. उपाय म्हणून त्यांनी कपांची संख्या वाढविणे व प्रयोग पुन्हा करणे यांचा निर्देश केला.

पाच टक्क्यांची रूढ मर्यादाही फिशर यांच्याच लेखनातून आली. ‘संशोधकांसाठी सांख्यिकीय पद्धती’ या अर्थाच्या शीर्षकाचे त्यांचे पुस्तक १९२५ मध्ये निघाले. त्यातील कोष्टकांत निवडक संभाव्यतांचीच मूल्ये दिलेली असल्यामुळे ‘पाच टक्के’ व ‘एक टक्का’ हे स्तंभ संशोधकांच्या सवयीचे झाले. वीसात एक ही रेषा सोयीची आहे, असे फिशर यांनी १९२६ मध्ये लिहिले. पण त्याच ठिकाणी त्यांनी हेही स्पष्ट केले, की नीट आखलेला प्रयोग पुनःपुन्हा केला असता क्वचितच ही पातळी गाठण्यास चुकतो, तेव्हाच वैज्ञानिक तथ्य प्रस्थापित झाले असे समजावे. सोयीची रेषा सर्वांच्या लक्षात राहिली, पुनरावृत्तीची अट राहिली नाही. १९५६ मध्ये तर त्यांनी सर्व प्रसंगी एकच ठराविक पातळी वापरणारा वैज्ञानिक असूच शकत नाही, असे निःसंदिग्धपणे म्हटले. तोवर पाच टक्क्यांची रेषा संशोधन-नियतकालिकांच्या उंबरठ्यावर पक्की बसली होती.

परीक्षणाचा एक अनपेक्षित उपयोग फिशर यांनी १९३६ मध्ये दाखविला. ग्रेगोर मेंडेल यांचे वाटाण्यांवरील प्रयोग आनुवंशिकीचा पाया मानले जातात. त्यांच्या प्रसिद्ध आकड्यांस काय-वर्ग परीक्षा लावल्यावर असे दिसले, की ते सिद्धांताशी जुळतात, पण प्रमाणाबाहेर जुळतात. इतके चांगले जुळणे यदृच्छेने एक लाखात सुमारे सात वेळाच घडेल. कोणा साहाय्यकाने अपेक्षित उत्तर ठाऊक असल्यामुळे आकडे सजविले असावेत, असा तर्क फिशर यांनी केला. त्यावर पुढे अनेक दशके वाद झाला. मेंडेल यांचे नियम मात्र खरेच आहेत. आकडे संशयास्पद असूनही सिद्धांत खरा असू शकतो, एवढे या प्रकरणातून दिसते.

नेमान व ईगन पिअर्सन : फिशर यांच्या मांडणीत पर्यायी परिकल्पनेस गणिती स्थान नव्हते. कार्ल पिअर्सन यांचे पुत्र ईगन पिअर्सन (१८९५–१९८०) आणि पोलिश गणितज्ञ येर्झी नेमान (१८९४–१९८१) यांनी १९२८ पासून, व विशेषतः १९३३ च्या निबंधात, हा प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला. निर्णय घेताना दोन प्रकारच्या चुका संभवतात : खरी शून्य परिकल्पना त्याज्य ठरविणे ही पहिल्या प्रकारची व खोटी तशीच राहू देणे ही दुसऱ्या प्रकारची चूक. पहिल्या चुकीचे प्रमाण आधीच निश्चित करून दुसरीचे प्रमाण शक्य तितके कमी करणारी कसोटी निवडावी, असे त्यांचे सूत्र आहे. खोटी परिकल्पना ओळखण्याच्या संभाव्यतेस परीक्षेचे ‘सामर्थ्य’ म्हणतात. या मांडणीत कोणत्याही एका विधानाच्या सत्यासत्यतेविषयी काही सांगितले जात नाही. दीर्घकाळ हा नियम पाळला तर चुकांचे प्रमाण मर्यादेत राहील, एवढीच हमी मिळते. कारखान्यातून येणाऱ्या मालाच्या गठ्ठ्यांपैकी कोणते स्वीकारावे व कोणते परत पाठवावे, अशा प्रश्नांस हा विचार तंतोतंत लागू पडतो. आब्राहाम वाल्ट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विकसित केलेले क्रमिक परीक्षण हा त्याचाच विस्तार होय. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेले असताना १९५० च्या डिसेंबरात निलगिरी पर्वतात विमान-अपघातात वाल्ट यांचा मृत्यू झाला.

१९३३ मध्ये कार्ल पिअर्सन निवृत्त झाल्यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील त्यांच्या विभागाचे दोन भाग झाले. एक फिशर यांच्याकडे व दुसरा ईगन पिअर्सन यांच्याकडे गेला. १९३४ मध्ये नेमानही तेथे आले. एकाच इमारतीतील हे दोन पक्ष लवकरच हाडवैरी बनले. विज्ञानाच्या कामाला कारखान्यातील माल-तपासणीचे नियम लावणे फिशर यांना असह्य होते, तर फिशर यांच्या पी-मूल्याला काटेकोर अर्थच नाही असे नेमान यांस वाटे. पाठ्यपुस्तककारांनी मात्र हा वाद वाचकांस न सांगता दोहोंची सांगड घातली : फिशर यांचे पी-मूल्य घेतले, नेमान यांची ‘स्वीकारा किंवा त्यागा’ ही भाषा घेतली आणि पाच टक्क्यांची रेषा मध्ये ठेवली. या संकरित पद्धतीस दोघांपैकी कोणीही मान्यता दिली नसती.

भारतातील व महाराष्ट्रातील संबंध : प्र. चं. महालनोबीस यांनी १९३१ मध्ये कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. तेथे जानेवारी १९३८ मध्ये भरलेल्या पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेचे अध्यक्ष फिशर होते. याच संस्थेत घडलेले सी. आर्. राव (१९२०–२०२३) यांनी १९४८ मध्ये मांडलेली ‘स्कोअर परीक्षा’ जगभर वापरात आहे. महाराष्ट्राकडे मात्र भिन्न विचारसरणींचे प्रवाह आले. कोल्हापूर येथे जन्मलेले व. शं. हुजूरबाजार (१९१९–९१) यांनी केंब्रिज येथे हॅरल्ड जेफ्रीझ यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले व पुणे विद्यापीठातील गणित व सांख्यिकी विभागाची उभारणी केली. जेफ्रीझ हे बेझ यांच्या मार्गाचे पुरस्कर्ते व पी-मूल्याचे कठोर टीकाकार होते. जे निष्कर्ष प्रत्यक्षात मिळालेच नाहीत त्यांच्या संभाव्यतेवरून एखादी परिकल्पना मोडीत काढावी, हे त्यांना विचित्र वाटे.

इतिहास-संशोधनात या तंत्राचा लक्षणीय उपयोग दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–६६) यांनी केला. तक्षशिलेस सापडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांची वजने काटेकोरपणे घेऊन त्यांनी दाखविले, की चलनात फिरलेल्या नाण्यांचे सरासरी वजन घटत जाते व वजनांतील विखुरलेपणा वाढत जातो. मागील बाजूवरच्या ठशांच्या संख्येनुसार नाण्यांचे गट पाडले, तर गटांची सरासरी वजने नियमित उतरंडीने कमी होतात. ही उतरंड योगायोगाची नाही, एवढे परीक्षणाने सांगता येते. नाण्यांचा सापेक्ष क्रम त्यावरून लागतो. ती कोणत्या राजाची, हे मात्र अन्य पुराव्यावरूनच ठरवावे लागते.

सातारा जिल्ह्यातील बुध येथील पां. वा. सुखात्मे (१९११–९७) हे युनिव्हर्सिटी कॉलेजात नेमान व ईगन पिअर्सन यांच्या हाताखाली तयार झालेले सांख्यिक होते. कुपोषणाच्या मोजमापाविषयीचा त्यांचा वाद परिकल्पना-परीक्षणाच्या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दरडोई दररोज २,२५० कॅलरींचा आहार हा निकष धरून १९६०–६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व नागरी भागातील सुमारे ५० टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली असल्याचे दाखविले. सुखात्मे यांचा आक्षेप असा होता, की एकाच निरोगी माणसाचा आहारही दिवसागणिक व आठवड्यागणिक कमीजास्त होत असतो. सरासरी गरजेखाली असलेल्या प्रत्येकास कुपोषित म्हटले, तर जवळजवळ अर्धे सुपोषित लोकही त्यात येतील. म्हणून सीमारेषा सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनांनी खाली ओढावी. तसे केल्यास कुपोषितांचा आकडा बराच उतरतो. वरील परिभाषेत सांगावयाचे, तर सुखात्मे यांनी ‘ही व्यक्ती सुपोषित आहे’ ही शून्य परिकल्पना मानून पहिल्या प्रकारच्या चुकीस आवर घातला. दांडेकर व अन्य टीकाकार यांनी दुसऱ्या प्रकारच्या चुकीकडे बोट दाखविले : इतक्या खालच्या रेषेवर खरोखर अर्धपोटी राहणारी असंख्य माणसे सुपोषितांत गणली जातील, शिवाय गरिबांच्या संपूर्ण गटाची सरासरीच गरजेच्या खाली असेल, तर ती व्यक्तिगत चढउतारांनी समजावता येत नाही. कोणती चूक अधिक घातक मानावी, हे गणित ठरवीत नाही. आणि अन्नधोरणाच्या बाबतीत त्या निवडीचा भार रेषेच्या आसपासच्या माणसांवरच पडतो.

वैद्यकातील वापर : रॉथॅमस्टेडचे यदृच्छीकरण रुग्णांवरील चाचण्यांत आणण्याचे श्रेय मुख्यत्वे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल (१८९७–१९९१) यांचे आहे. ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फुप्फुसाच्या क्षयावरील चाचणीत स्ट्रेप्टोमायसीन दिलेल्या ५५ रुग्णांपैकी ४, तर केवळ विश्रांती दिलेल्या ५२ पैकी १४ रुग्ण सहा महिन्यांत दगावले. चिठ्ठ्यांनी गट पाडलेले असल्यामुळे या फरकाचा अर्थ स्पष्ट होता. क्षयाचे जंतू या औषधाला दाद देईनासे होतात, हेही त्याच चाचणीत दिसून आले.

उलट प्रकारचे उदाहरण मद्रासचे आहे. तेथील क्षयरोग रसायनोपचार केंद्रात १९५६ पासून रुग्णांना यदृच्छेने घरी किंवा आरोग्यधामात उपचार दिले गेले. दोन्ही गटांतील परिणाम जवळजवळ सारखे आढळल्याचे १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि घरीच राहून उपचार घेण्यास मोठी चालना मिळाली. आरोग्यधामांत खाटा दुर्मिळ असलेल्या देशात ‘फरक आढळला नाही’ हाच मोलाचा निष्कर्ष होता. परंतु ‘फरक आढळला नाही’ व ‘फरक नाही’ ही दोन विधाने एक नव्हेत. फरक असता, तर तो दिसण्याइतका नमुना मोठा होता काय, हे आधी पाहावे लागते. उदा., दर शंभरात ६० वेळा छापा पडणारे सदोष नाणे २० वेळा फेकून पाहिले व ५ किंवा कमी अथवा १५ किंवा अधिक छापे पडल्यास ते सदोष मानावे असा नियम केला, तर पहिल्या प्रकारची चूक सुमारे ४ टक्के राहते. पण हे सदोष नाणे पकडले जाण्याची संभाव्यता अवघी १३ टक्के असते. शंभरापैकी ८७ परीक्षकांना दोष दिसणार नाही. याउलट दहा लाख फेकी केल्या, तर हजारात एकाइतका निरर्थक दोषही सुमारे निम्म्या वेळा ‘सार्थ’ ठरेल. नमुना पुरेसा मोठा केला, की कोणतीही शून्य परिकल्पना मोडते, ही अडचण जोझेफ बर्कसन यांनी १९३८ मध्येच मांडली होती. ‘सार्थ’ हा शब्द व्यवहारातील महत्त्वाचा वाचक नाही. ‘महत्त्वपूर्ण’ असा त्याचा अनुवाद वृत्तपत्रांत वारंवार होतो, तो चुकीचा आहे.

परीक्षणाच्या मर्यादेचे सर्वांत गंभीर प्रकरण धूम्रपानाचे होय. रिचर्ड डॉल व हिल यांच्या १९५० मधील पाहणीत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६४९ पुरुष रुग्णांपैकी केवळ २ धूम्रपान न करणारे होते, तर अन्य रोगांच्या तितक्याच रुग्णांत २७ होते. हा फरक यदृच्छेने घडण्याची संभाव्यता एक कोटीत सहा-सात इतकी होती. फिशर यांनी या गणितास हरकत घेतली नाही. त्यांचे म्हणणे असे, की येथे चिठ्ठ्या टाकलेल्या नाहीत. धूम्रपानाची ओढ व कर्करोगाची प्रवृत्ती या दोन्हींच्या मुळाशी एकच आनुवंशिक घटना असू शकेल. तार्किक दृष्ट्या हा आक्षेप बेर्नुलींच्या ३५ बाजूंच्या फाशाचाच भाऊ होता. परंतु १९५७–५८ मध्ये त्यांनी तो हट्टाने लावून धरला. ते स्वतः पाइप ओढीत व तंबाखू-उत्पादकांच्या समितीचे सल्लागार होते, याकडेही टीकाकारांनी लक्ष वेधले. परीक्षणाचा सर्वांत मोठा आचार्य येथे चुकला. आणि तो चुकला आहे, हे कोणत्याही एका परीक्षणाने ठरले नाही. सिगारेटींच्या संख्येबरोबर वाढणारा धोका, सवय सोडल्यावर घटणारा धोका, निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचे एकमत व प्राण्यांवरील प्रयोग अशा विविध पुराव्यांच्या जुळणीतून ते ठरले. हिल यांनी १९६५ च्या व्याख्यानात कार्यकारणभाव ठरविताना विचारात घ्यावयाचे मुद्दे सांगितले. त्यांपैकी कशाचेही उत्तर सार्थकता-परीक्षणातून मिळत नाही, हे त्यांनी तेथे स्पष्ट केले.

आक्षेप व पुनर्विचार : पी-मूल्य म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता, हा सर्वाधिक आढळणारा गैरसमज होय. परिकल्पना खरी असता आकडेवारी किती दुर्मिळ, हे पी-मूल्य सांगते. आकडेवारी पाहता परिकल्पना किती संभाव्य, हे नव्हे. समजा, एका क्षेत्रात तपासल्या जाणाऱ्या हजार कल्पनांपैकी शंभरच खऱ्या आहेत. परीक्षेचे सामर्थ्य ८० टक्के असेल, तर ८० खऱ्या कल्पना सार्थ ठरतील. उरलेल्या ९०० खोट्यांपैकी पाच टक्के, म्हणजे ४५ याही सार्थ ठरतील. सार्थ ठरलेल्या १२५ पैकी ४५, म्हणजे ३६ टक्के, निष्कर्ष खोटे झाले. सामर्थ्य १३ टक्क्यांवर आले, तर ५८ पैकी ४५ निष्कर्ष खोटे असतील. सामर्थ्याची ही उपेक्षा काल्पनिक नाही. जेकब कोएन यांनी १९६२ मध्ये एका मानसशास्त्रीय नियतकालिकातील निबंध तपासले, तेव्हा मध्यम आकाराचा परिणाम ओळखण्याचे त्यांचे सामर्थ्य सरासरीने निम्म्याहूनही थोडे कमीच भरले.

नियतकालिकांच्या निवडीने हा दोष वाढतो. टी. डी. स्टर्लिंग यांना १९५९ मध्ये मानसशास्त्रातील परीक्षण वापरणाऱ्या २९४ निबंधांपैकी २८६ मध्ये शून्य परिकल्पना त्यागलेली आढळली. अयशस्वी प्रयोग टेबलाच्या खणात राहतात व यशस्वी तेवढे छापले जातात, असा याचा अर्थ. शिवाय एकाच आकडेवारीवर वीस स्वतंत्र परीक्षा केल्या, तर कोठेही खरा परिणाम नसताना किमान एक तरी सार्थ निघण्याची संभाव्यता ६४ टक्के असते. वाचकास ती एकच दिसते. याचा हिशेब बराच काळ कोणी मागितला नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सामूहिक उपक्रमात मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध प्रयोग पुन्हा करण्यात आले. मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत सार्थ निष्कर्ष होते; पुनरावृत्तीत ते ३६ टक्केच उरले.

भौतिकीत ही रेषा पुष्कळच कडक आहे. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉनाचा शोध जाहीर करताना पाच प्रमाण विचलनांची, म्हणजे सुमारे ३५ लाखांत एकाची, अट पाळण्यात आली. तरीही कडक रेषा सर्व चुकांपासून वाचवीत नाही. २०११ मध्ये ‘ऑपेरा’ प्रयोगात न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० अब्जांश सेकंद लवकर पोहोचल्याचे आढळले व तो फरक सहा प्रमाण विचलनांइतका होता. पुढील वर्षी मुख्य कारण सापडले : प्रकाशतंतूच्या एका तारेची जोडणी सैल होती. यदृच्छेची शक्यता परीक्षणाने बरोबरच फेटाळली होती. सैल तार हा त्याच्या विषयाबाहेरचा प्रश्न होता.

अमेरिकन सांख्यिकी संघटनेने २०१६ मध्ये पी-मूल्याच्या वापराविषयी निवेदन काढले. केवळ एखादी रेषा ओलांडली म्हणून वैज्ञानिक किंवा धोरणविषयक निर्णय घेऊ नयेत, असे त्यात बजावले आहे. २०१९ मध्ये ‘नेचर’ मधील लेखाद्वारे ‘सांख्यिकीय सार्थकता’ हा शब्दप्रयोगच सोडून देण्याची मागणी झाली व तीस आठशेहून अधिक संशोधकांनी पाठिंबा दिला. ही मागणी सर्वमान्य झालेली नाही. याच संघटनेच्या अध्यक्षांनी नेमलेल्या कृतिगटाने २०२१ मध्ये असे मत दिले, की योग्य रीतीने वापरलेली सार्थकता-परीक्षणे निष्कर्षांची काटेकोरता वाढवितात. परिणामाचा आकार व त्याचे विश्वास-अंतराल द्यावे, या सूचनेस मात्र बहुतेकांची संमती आहे. फिशर यांचे सहकारी फ्रँक येट्स यांनी ती १९५१ मध्येच केली होती.

प्रत्यक्षात अधिक परिणामकारक ठरलेला उपाय सूत्रात बदल करण्याचा नसून नोंदणीचा आहे. काय तपासावयाचे, किती रुग्ण घ्यावयाचे व कोणता निष्कर्ष प्रमुख मानावयाचा, हे चाचणी सुरू होण्यापूर्वी जाहीर केले, की नको असलेला निष्कर्ष खणात ठेवणे किंवा वीसांतून एक निवडणे अवघड होते. प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी २००५ पासून नोंदणी नसलेल्या चाचण्यांचे निबंध न स्वीकारण्याचे ठरविले. भारतात अशी नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली व १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची पूर्वनोंदणी सक्तीची करण्यात आली.